चौथा भरत

भरतमामांना नाव विचारलं, की ते उलट विचारायचे, "कोणता भरत पाहिजे?" पुराणं आणि इतिहास धरून भरत चार, आणि चौघांचंही काम आपल्याच गळ्यात पडलंय, असा त्यांचा दावा. शेंद्र्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन ते आमच्या समोर राहायला आले आणि साऱ्या गल्लीचे मामा झाले.

गणपतीत पोरांचं नाटक बसवताना ते नाटकाचं शास्त्र सांगणारे मुनी होत आणि स्वतःचेच संवाद विसरत. भटकं कुत्रं आलं, की सिंहाचे दात मोजणारा भरत पुढे व्हायचा. एकदा कुत्र्यानेच पोटरीवर नीट मोजून दिले. दळण आणायची वेळ आली, की राज्य सोडून रानात गेलेला, हरणापायी तप विसरलेला भरत खुर्चीत डोळे मिटून बसे.

"मी संसारातून उठलोय."

"मग ताटावरून बी उठा," मामी म्हणत.

भावाच्या पादुका गादीवर ठेवणाऱ्या चौथ्याचं नाव मात्र ते काढत नसत. थोरल्या भावाचं, दादांचं, कन्नडला किराणा दुकान. पुतणीच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांत मामांचं नाव छापायचं राहिलं आणि सहा वर्षं अबोला झाला. आधी बोलायला दोघंही तयार नव्हते. मामांना त्याचं फार लागे, पण कबूल कोण करणार?

गेल्या वर्षी दादांना हृदयाच्या दुखण्याने शहरातल्या दवाखान्यात आणलं. ते झोपलेले असतानाच मामांनी त्यांना पाहिलं, वहिनींकडून दुकानाची किल्ली घेतली, दादाला सांगायचं नाही अशी शपथ घातली आणि कन्नडची एसटी धरली. जाताना खोलीच्या दाराशी काढलेल्या दादांच्या चपलाही पिशवीत टाकल्या.

तीन आठवडे त्या चपला दुकानाच्या गादीवर आणि मामा खाली साखरेच्या पोत्यावर. कुणी भावात घासाघीस केली, की चपलांकडे बोट दाखवत, "मालकाला विचारा."

बरं वाटल्यावर दादांना घरी सोडायला मीच गाडी काढली. दवाखान्याच्या रबरी सपाता फटफट वाजवत ते दुकानात शिरले आणि गादीकडे पाहतच राहिले.

"भरत्या, तू नेल्या व्हय? आरं, मी तिथल्या झाडूवाल्यावर आळ घेतला! त्या भरतानं मागून नेल्या व्हत्या, चोरून नाय!"

मामा पोत्यावरून उठले. "मागायला बोलावं लागलं असतं, दादा."

दादांनी त्यांना जवळ ओढलं. दोघंही लहान पोरांसारखे रडले.

मामा आता कन्नडलाच असतात. गल्लीत कुत्रं भुंकलं, की मला करमत नाही. परवा फोन लावला आणि विचारलं, "कोणता भरत बोलतोय?"

"दादाचा," मामा म्हणाले.