शंख पुन्हा वाजला

आज सकाळी देव्हाऱ्यातला शंख धुऊन पुसून ठेवलेला दिसला. हे हिचंच काम.

निवृत्त झाल्यापासून आरतीला मी शंख वाजवणं सोडलं होतं. दम्याचा महागडा पंप पेन्शनीत पुरावा म्हणून तो एक दिवसाआड घ्यायचो, आणि हिला सांगायचो, वय झालं. शंख गप्प झाला तेव्हाच तिने ओळखलं असणार.

गेल्या महिन्यात हिला भिशी लागली. पाटल्या करणार म्हणून मैत्रिणींना सांगूनही झालं होतं. घरात आले ते पंप. "अहो, आता रोज घ्यायचा," एवढंच म्हणाली.

श्वास काय साठवून ठेवायची वस्तू आहे? घ्यावा आणि मोकळेपणाने सोडावा, त्यातच त्याची श्रीमंती.

मी शंख ओठांना लावला. आधी नुसती फुसफुस झाली, मग तो असा घुमला की थांबावंसंच वाटेना. समईची ज्योतसुद्धा थरथरली. खालच्या मजल्यावरून हिच्या भिशीतल्या सुमनताईंनी हाक दिली, "वहिनी, पाटल्या छान वाजतात हो."