करंजाच्या धक्क्यावरची उडी

त्या सिनेमावाल्याने मला फसवले. लग्नांच्या शूटिंगचा माझा कॅमेरा नेताना म्हणाला, "शेट, दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट आहे. शेवटी दोघं एकत्र घर करतात." भिंग सदऱ्यानेच पुसायचा आणि कुठलीही चूक दाखवली की म्हणायचा, "नॅचरल वाटेल."

पनवेलच्या माझ्या दुकानात त्याने सिनेमा लावला. पंख्याच्या घरघरीत निम्मे बोलणे बुडाले होते. पण एकाने दुसऱ्याच्या ताटातल्या माशाचे काटे काढून दिले, तेव्हा माझा धाकटा भाऊ त्याच्यासोबत राहणाऱ्या मित्राकडे बघून हसला.

सिनेमाच्या शेवटी त्या दोघांतल्या एकाने करंजाच्या धक्क्यावरून उडी मारून जीव दिला. भाऊ उठून गेला.

"असे सिनेमे असेच संपतात, शेट," सिनेमावाला म्हणाला.

उडी मारणाऱ्याला जगवायला कॅमेऱ्यातली कॅसेट अपुरी पडली असती का? याचे उत्तर त्या सिनेमावाल्याने माझ्या भावाला तोंडावर द्यावे.