पंख्यात शिलाई मशीनचं तेल

हेमलताताईचं घर कांचघर मोहल्ल्यात, आमच्या भिंतीला भिंत. सासर सोडून आली त्याला वर्ष झालं. ती घरांचे नकाशे बनवते. नुसते कागदावरचे नाही. कॉम्प्युटरवर असं घर उभं करते की माणूस दारातून शिरतो, जिना चढतो, गच्चीवर जातो. तो कॉम्प्युटर आम्ही दोघींनी जोडला, जुने पार्ट आणून, तिच्या आईच्या शिलाई मशीनच्या बाजूलाच. मी दहावीत शाळा सोडली. अभ्यास जमला नाही, स्क्रू जमतात. ताईबद्दल लोकांना जे बोलायचं ते बोलू द्या, फक्त माझ्यासमोर बोलू नका.

त्या दिवशी संध्याकाळी देवदत्त ठेकेदार कॉम्प्युटरवरचं घर आतून पाहायला येणार होते. पसंत पडलं तर त्यांची पूर्ण कॉलनी ताईकडे. आणि ताईच्या बाबांनी, बाबाराव काकांनी, त्याच दिवशी जावयाला पण बोलावून ठेवलं.

"काम मिळालं तर राहा," ते म्हणाले. "नाही मिळालं तर विपुलराव आलेच आहेत, बॅग भर."

राग आला की ताई केसाचा क्लिप काढते आणि परत लावते. पाच-सहा वेळा लावला.

दुपारी तिने घर चालवून पाहिलं. जिन्यापर्यंत गेली आणि स्क्रीन काळी. परत लावलं, परत जिन्यावरच काळी.

"राखी, काहून बंद होऊन राहिलं?"

"ग्राफिक्स कार्ड तापून राहिलं, ताई. पार नव्वद डिग्रीच्या वर. खोलते."

सोफ्यावरून विपुलराव म्हणाले, "कबाड जोडलं की असंच होते."

"जीजाजी, चहा थंडा होऊन राहिला," मी म्हटलं.

कार्ड बाहेर काढलं तर बोट भाजलं. दोन पंख्यांपैकी एक हलतच नव्हता. पत्र्यांच्या फटीत काळा, चिकट थर बसला होता, गोधडीच्या कापसासारखा. वास घेतला. मशीनचं तेल!

"काकू!"

ताईची आई, भानुमती काकू, ब्लाउजला हुक लावून राहिल्या होत्या. "अगं, तो पंखा किरकिर करे. मी जाळीतून थोडंसं तेल सोडलं. माझं मशीन तेलावरच तर चालते."

"किती वेळा सोडलं?"

"दर शनिवारी."

ताईला हसू आलं. त्या दिवसातलं पहिलं. काकूचा चेहरा मात्र उतरला. "माझ्याच हातानं घालवलं का गं तुझं काम?"

"तू लक्ष तरी दिलं, आई. मी तर वर्षभर उघडून पण नाही पाहिलं."

ब्लाउजच्या कपड्यांचा धुरळा आणि तेल, दोन्ही मिळून हा थर. टाके उसवायच्या सुईने मी तो पट्ट्यापट्ट्याने ओढून काढला. स्पिरिटने पुसलं. चिपवरची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट सुकून खडू झाली होती. माझ्या ट्यूबच्या तळाशी थोडी उरली होती, ती दाबून लावली. मेलेल्या पंख्याच्या जागी कॉम्प्युटरच्या डब्याचा समोरचा पंखा धरला. काकूंनी तो जाड दोऱ्याने असा बांधला की हलायचं नाव नाही.

डब्याचं झाकण लावायचं बाकी होतं, तेवढ्यात देवदत्तजी आलेच.

ताईने सुरू केलं. बैठक, स्वयंपाकघर. मी टेबलाजवळ खाली बसून स्क्रीनच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा पाहून राहिली होती. सत्तर. अठ्ठ्याहत्तर. जिना आला. पंच्याऐंशी.

"ताई," मी हळूच म्हटलं.

ती सरळ देवदत्तजींना म्हणाली, "भाईसाहब, मशीन गर्म हो रही है. मैं परछाई बंद कर रही हूँ. मकान वही रहेगा."

सावल्या गेल्या. घर एकदम पुठ्ठ्याचं दिसायला लागलं. सत्त्याऐंशी.

विपुलराव उठले. "अरे बंद करा, आग लागेल!" हात प्लगकडे. मी खालूनच त्यांचं मनगट धरलं. सोडलं नाही.

"बसा, विपुलराव," काकू म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी जावयाला पहिल्यांदा काही सांगितलं. ते बसले.

सत्त्याऐंशी. सत्त्याऐंशी. मग पंच्याऐंशी. ताई गच्चीवर पोचली.

देवदत्तजी उठले. "काम साफ है, बहनजी. पर मज़ा अधूरा रह गया. पूरी कॉलोनी अभी नहीं. दो मकान बनाइए, फिर देखते हैं." आणि गेले.

"दोन घरं म्हणजे नाहीच म्हटलं," बाबाराव काका म्हणाले.

"चल मग," विपुलराव उठले. "बॅग भर."

ताईने कॉम्प्युटर बंद केला. पंखा थांबेपर्यंत थांबली. "बाबा, अट तुमची होती. मी हो म्हटलं होतं का?"

काकांनी आठवून पाहिलं. नव्हतंच म्हटलं.

"मला दोन घरं करायची आहेत. मी जात नाही."

काका काकूकडे पाहायला लागले. काकूंनी पलंगाजवळची रिकामी बॅग उचलली आणि कपाटावर ठेवून दिली.

"राखी," ताई म्हणाली, "त्या कार्डाचा पंखा कुठं मिळेल?"

"जुन्या सामानाच्या दुकानात पाहू."

"चल, बंद व्हायच्या आत."

आम्ही निघालो तेव्हा विपुलराव गल्लीच्या तोंडाशी ऑटोवाल्याशी भांडून राहिले होते. ताईने तिकडे पाहिलं पण नाही. मी पाहिलं. चांगलं वळून वळून पाहिलं.