विमलचा रंग

विमलच्या नवऱ्याचा, सुभाषरावांचा फोन आला तेव्हा मी प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासत होते. "ताई, विमल गेली. सकाळी चक्कर येऊन पडली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलंच सगळं," एवढंच ते बोलले. आज पाच आठवड्यांनी लिहायला बसले आहे, तर खरं तेच लिहिते. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की तिचं काम आता अर्धंच राहणार. रडू त्यानंतर आलं...

नव्वदच्या दशकात विमल आणि मी कोल्हापुरात एम.एस्सी.ला एका बाकावर बसायचो. मी शहरातली, पहिल्या नंबराची. ती कुरुंदवाडची, वडील साखर कारखान्यात लोखंडी टाक्या रंगवायचे. भर वर्गात ती गावाकडच्या बायकांच्या बोलीत "मी सांगतो की सर" म्हणायची. मुली हसायच्या, तिला त्याचं काही नसायचं. मला मात्र टोचायचं, कारण तिचं उत्तर बरोबर असायचं. सुट्टीत ती वडिलांबरोबर टाक्यांचा गंज खरवडायला जायची. रंगावर चरा पडतो, तिथून पाणी शिरतं आणि आतल्या आत पोलाद पोखरत जातं, हे मी पुस्तकात वाचलं होतं; तिच्या नखांत तो गंज असायचा. एकदा डबा खाताना म्हणाली, "वसू, रंगालाच आपला चरा भरता आला तर? आत तेल लपवून ठिवायचं. चरा पडला की तेल भाईर यील आन् वाळून बसंल." मी हसण्यावारी नेलं. घरी जाऊन मात्र हे मला का सुचलं नाही म्हणून चरफडत राहिले.

पुढं मी मोठ्या महाविद्यालयात लागले, ती एका लहानशा. दोन हजार सालानंतर तिनं खरंच ते काम हाती घेतलं. जवसाचं तेल डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कुप्यांत भरायचं आणि त्या रंगात मिसळायच्या. चाचणीसाठी मिठाच्या पाण्याचा फवारा मारणारी पेटी लागते. ती आमच्या विभागात होती, माझ्या ताब्यात. विमल दोन पोलादी पट्ट्या, एक साध्या रंगाची आणि एक तिच्या रंगाची, पिशवीत घालून आली.

"म्हैनाभर ठिवतीस काय?"

"अगं, पेटी बंद पडलीय," मी म्हणाले. पेटी चालू होती.

तिनं पिशवी पुन्हा खांद्याला लावली. "बरं. मी करतो कायतरी," म्हणाली आणि चहा न घेताच गेली.

तिनं स्वयंपाकघरातल्या बरण्यांत मिठाचं पाणी भरून पट्ट्या बुडवल्या. चार महिन्यांनी त्या घेऊन पुन्हा माझ्याकडंच आली. "तुला आधी दाखवावं म्हटलं." दोन्ही पट्ट्यांवर तिनं खिळ्यानं चरे ओढले होते. साध्या रंगाच्या पट्टीवर गंजाचे ओघळ होते. तिच्या पट्टीवर चऱ्यात पातळ साय धरली होती, खालचं पोलाद स्वच्छ. मी तोंडभर कौतुक केलं आणि पट्टी उजेडात धरून गंजाचा एक तरी ठिपका शोधत राहिले. तिचा शोधनिबंध छापून आला, त्यात शेवटी माझे आभार होते. ते पान मी कुणालाच दाखवलं नाही.

विमलच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम तिच्या सासरी कागलला, त्यांच्या वस्तीतल्या बौद्ध विहारात झाला. नंतर घरी सुभाषराव हळूच म्हणाले, "तुमची पेटी चालू हुती, हे तिला ठावं हुतं ताई. शेजारच्या खोलीतनं पेटीच्या कॉम्प्रेसरचा आवाज येत हुता म्हणं."

मी विचारलं, "मग आभार कशाला मानले तिनं?"

"मीबी तेच इचारलं. म्हणाली, वसूचा मला लई हेवा वाटायचा. तिच्या फुडं जायचं म्हणूनच मी शिकलो."

इतकी वर्षं ती माझा हेवा करत होती आणि तो तिनं असा कामी लावला होता... मी मात्र एक पेटी बंद आहे म्हणून सांगितलं. निघताना समजलं, घराच्या लोखंडी फाटकाला तिनं गेल्या दिवाळीत आपलाच रंग दिला होता. मी पर्समधलं नाणं काढलं आणि त्या रंगावर जोरात एक रेघ ओढली. सुभाषराव पायरीवरून बघत होते.

मधे दोनदा पाऊस झाला. गेल्या रविवारी मी पुन्हा गेले.

"लागला काय गंज?" त्यांनी दारातून विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

ते चहा टाकायला आत गेले. मी त्या रेघेवरून बोट फिरवत उभी राहिले, दोनदा, तीनदा. बोटाला अजूनही काहीतरी तांबूस लागेल, असं वाटत होतं.