अवसेले जुंपलेला पवळ्या

छाया माही सख्खी लहान बहीन. जनावराची निगा कशाले म्हनतात ते पाहाचं असंल तं उंद्रीले, तिच्या सासरी, गोठ्यात जाऊन पाहा. बैलाच्या पाठीवर हात फिरवला तं तेल लावल्यावानी लागते. आमच्या घरचं वळनच तसं हाये. मी सहावीत शाळा सोडली ते बैलापायीच, अन् त्याचा मले कधी पस्तावा झाला नाही.

तिचा नवरा दीपक शेगावले लॉजवर कामाले. वावर अन् गोठा तिच्याच अंगावर. बैल एकच, पवळ्या. शेजारच्या पंजाबरावाचाही एकच, काबऱ्या. म्हनून दोघांची सावड: जोडी कधी त्याच्या वावरात, कधी तिच्या. बोली एकच, अवसेले, म्हंजे अमावस्येले, बैल जुंपाचे नाही. त्या दिवशी त्याइले आराम. सारं गाव पाळते.

या अवसेले पवळ्या पंजाबरावाकडं व्हता. सांजच्याले त्यानं आनून बांधला अन् लगेच निंगून गेला. छायानं सरकीची ढेप भिजवून ठेवली, तं पवळ्या मानच खाली करे ना. खांद्यावर हळद फासलेली. तिनं हात ठेवला, तसा बैल अंग चोरून मांगं सरला. हळदीखाली खांदा टम्म सुजून तव्यावानी तापला व्हता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खांदा पिकला तं बैल सारा हंगाम जू घेत नाही, अन् तिच्या सोयाबीनमंधी तन माजून राह्यलं व्हतं, ते काढाले बैलजोडीचा डवरा फिरवाचा व्हता. हाताची हळद न धुता ती पंजाबरावाच्या दारात गेली. तो ओट्यावर चार लोकांत चहा पीत व्हता.

"भाऊजी, आज डवरा हाकला?"

"हाव, अर्ध्याच वावरात. पावसाची उघाड भेटली न."

"अवस हाये आज."

"माह्या काबऱ्याले काय झालं? तुहाच बैल नाजूक. लय लाडावून ठेवला तू त्याले."

"मंग हळद काऊन फासली?"

त्याची बायको आशाबाई दारातून म्हने, "जाऊ दे वं छाया. मुका जीव हाये, उतरन सूज."

"मुका हाये म्हनूनच जुंपला. भाऊजीच्या मानेवर जू ठेवलं असतं तं देऊळघाटपर्यंत आवाज गेला असता."

ओट्यावरचे हासले. पंजाबरावानं बशी आदळली. "लय बोलू नोको. तुह्या डवरनीले काबऱ्या भेटनार नाही. एका बैलावर हाकजो."

छाया सरळ काबऱ्यापाशी गेली. त्याच्या खांद्यावर तळवा टेकवला, तं तोही पवळ्यावानीच मांगं सरला. त्याचाही खांदा सुजलेला.

"घरच्याले तं हळदही नाही लावली तुमी." तिनं कासरा सोडला. "उद्या जोडीची पाळी माही हाये. आजच नेतो."

पाळी तिचीच, म्हनून कोनी आडवं आलं नाही.

पंजाबरावाले वाटलं, आता छाया रागात काबऱ्याले मरेपर्यंत हाकते. दुसऱ्या दिवशी फटफटताच तो तिच्या वावरात पोचला. डवरा वावराच्या धुऱ्यावर, बांधाशी, तसाच पडलेला. मंग तनतनत गोठ्यात आला. दोन्ही बैल शेजारी शेजारी उभे, खांदे निंबाच्या पाल्याच्या पान्यानं शेकलेले, ढेपीचे घमेले दगडावर उंच ठेवलेले, मान वाकवा लागू नये म्हनून. छाया पदर खोचून, हातात खुरपं घेऊन वावरात निंगाली व्हती.

"सूज उतरल्याबिगर यातलं एकही जनावर भाईर जात नाही," ती म्हनली. अन् आढ्यातलं दुसरं खुरपं काढून तिनं त्याच्या पायापाशी टाकलं. "अर्धं वावर राह्यलं न तुमचं? निंदा आता हातानं."