पुसलेला रकाना

निवृत्त झाले तेव्हा माझ्याजवळ एकच मोलाची गोष्ट होती. चौक गावाजवळच्या डोंगरातल्या वाडीवर अठरा वर्षं शिकवताना जमवलेले शब्द. वाडीतली मुलं घरची बोली शाळेच्या दाराबाहेर ठेवून यायची. मी ती रजिस्टरात उतरवून घ्यायचे. रानभाज्या, खेकडे, पाऊस, शिव्यासुद्धा. प्रत्येक शब्दापुढे एक रकाना होता: कोणी सांगितलं. त्यात निम्म्या ठिकाणी एकाच म्हातारीचं नाव होतं. मी तिला काकी म्हणायचे.

पुढे रजिस्टरांना वाळवी लागली. मग मी कॉम्प्युटर घेतला, दोन बोटांनी सगळं टाइप केलं आणि पोखरलेली रजिस्टरं चुलीत घातली.

कर्जतच्या एका कार्यक्रमात मुंबईचे एक प्राध्यापक भेटले. "ताई, हे पुस्तक व्हायला हवं," म्हणाले. तोवर मला असं कोणीच म्हटलं नव्हतं. भर कार्यक्रमात डोळे पुसायची वेळ आली.

"तुम्ही मुंबईला यायची गरज नाही," त्यांनी नंतर फोनवर सांगितलं. "मी इथूनच तुमच्या कॉम्प्युटरवर काम करीन." मग तासभर ते सांगत गेले आणि मी करत गेले. एक प्रोग्राम उतरवून घेतला. स्क्रीनवर नऊ आकडे आले, ते त्यांना वाचून दाखवले.

"आता कायमचा पासवर्ड ठेवा, म्हणजे तुम्ही घरी नसलात तरी मला उघडता येईल. आणि कॉम्प्युटर बंद करत जाऊ नका."

"कधीच नाही?"

"काम संपेपर्यंत नाही."

पहिल्या दिवशी माउसला हात न लावता बाण हलला आणि मला हसू फुटलं. घरी कुणी पाहुणा यावा तसं वाटलं. रोज सकाळी मी भाजी निवडायला स्क्रीनसमोरच बसायचे. प्राध्यापक शब्द वर-खाली लावत, अर्थ सुधारत. काही शब्दांचं रूपही बदलत. मला खटकायचं, पण मनाशी म्हणायचे, शिकलेला माणूस आहे.

एका सकाळी बाणाने शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत निळा केला आणि रकाना गेला. मी लगेच फोन लावला.

"सर, नावं गेली."

"मीच काढली. कोशात ती कोण वाचणार? तुमचं नाव मात्र कव्हरवर येईल, माझ्या शेजारी."

फाइल अजून उघडी होती. नको म्हटलं असतं तर नावं परत आली असती. दुसरी प्रत माझ्याकडे नव्हती, हेही मला ठाऊक होतं. पण मला कव्हर दिसत होतं. "बरं," मी म्हणाले.

पुस्तक टपालाने आलं. कव्हरवर त्यांचं एकट्याचं नाव. मी आत, आभारांच्या यादीत नववी: स्थानिक शिक्षिका.

"प्रकाशकांचा निर्णय, ताई," ते फोनवर म्हणाले. त्या दिवशी मी तो प्रोग्राम काढून टाकला. आता त्याचा काय उपयोग! वही घेऊन सांगणाऱ्यांची नावं आठवायला बसले. काकीचे शब्द आठवले. खेकड्यांची नावं बाईने सांगितली होती की बाप्याने, एवढंही आठवेना.

काही दिवसांनी पुस्तक घेऊन वाडीवर गेले. काकीला आता दिसत नाही. मी वाचू लागले तशी ती आपलेच शब्द ऐकून खुदखुदली. मग एका शब्दाशी तिने मला थांबवलं.

"असं आमी नाय बोलत गं."

"छापताना बदललं त्यांनी."

"बदललं? मंग तू बघत नव्हतीस?"

"नव्हते," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि सुनेला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं. मी तो प्यायले. त्यानंतर वाडीवर गेलेले नाही.