मोठ्या अक्षरांतलं ‘हरवली आहे’

माझी नात एका कंपनीत जाहिरातींचा मजकूर लिहिते. परवा वैतागून म्हणाली, “आजोबा, लोकांना वाटतं आम्ही गोडगोड खोटं बोलतो.” मला आमचे मास्तर आठवले. त्यांच्याबद्दल गावाला अगदी हेच वाटायचं.

मी छापखान्यात खिळे जुळवायचो. म्हणजे एकेक अक्षर उचलायचं, ओळ बांधायची आणि मशीनवर चढवायची. मी सातवी पास. पण साऱ्या गावाचं लिखाण माझ्या बोटांतून गेलंय, तेही उलट्या अक्षरांत. मास्तर हँडबिलं लिहायचे. शाळेत कधी शिकवलं नाही, पण गिऱ्हाइकाच्या चुका काढायचे, म्हणून मास्तर.

एकदा गादीवाला स्वतःच मजकूर घेऊन आला. सर्वोत्कृष्ट, अप्रतिम, अद्वितीय, असली सगळी वरात. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं.

“शेठ, ह्यात गादी कुठाय?”

“शेवटच्या ओळीत.”

“तिथपर्यंत वाचणारा झोपून जाईल. मग त्याला गादी कशाला लागतेय?”

आणि लिहून दिलं, ‘सकाळी उठल्यावर पाठ धरून बसता का?’ ह्यात आपलं कौतुकच नाही म्हणून गादीवाला रुसला. आठवड्यानं आला तो आणखी छापून न्यायलाच. मास्तर म्हणायचे, “शब्दांनी भुरळबिरळ कुणाला पडत नाही रे. ज्याची पाठ दुखते तोच थांबतो. कुठे दुखतं ते आपण ओळखायचं, एवढंच.”

परक्याला पटवणारा माणूस घरात तर नुसता मध ओतत असेल, असंही लोकांना वाटायचं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दुपारी डबा घेऊन यायच्या आणि आम्हाला ऐकवायच्या, “गावाला गाद्या विकल्या ह्यांनी. तीस वर्षांत मला एक गोड वाक्य म्हटलं असेल तर शपथ.”

मास्तर मान खाली घालून डबा उघडायचे. “मीठ बरोबर आहे,” म्हणायचे.

“ऐकलंत? ही ह्यांची कविता.”

पण कुठलंही हँडबिल वहिनींनी वाचल्याशिवाय मशीनवर चढत नसे. त्या मोठ्यानं वाचायच्या, आणि जिथे अडखळतील ते वाक्य मास्तर मुकाट्यानं कापायचे.

मग आलं चष्मेवाल्याचं हँडबिल. काळी चौकट आणि आमच्याकडच्या सर्वांत मोठ्या लाकडी अक्षरांत ‘हरवली आहे’. खाली, ‘वय पंचेचाळीस. शेवटची पेपर वाचताना दिसली होती.’ आणि तळाशी बारीक टायपात, ‘तुमची नजर’. गाव पोट धरून हसलं. झालं, छत्रीवाला, तेलवाला, घड्याळवाला, ज्याला त्याला ‘हरवली’ नाहीतर ‘हरवलं’ पाहिजे. टकलाच्या तेलावरही आम्ही तेच छापलं. मास्तर छापखान्याच्या मालकांना म्हणाले, “पुरे आता. लोक हसतात नि पुढचं वाचत नाहीत.” मालक म्हणाले, “चालतंय तोवर चालवा.” दोन वर्षं चाललं.

त्याच सुमारास वहिनी विसरायला लागल्या. एकदा डबा रिकामाच आला. एकदा तासाभरात दोन आले. आम्ही चेष्टा केली, त्याही हसल्या. मग मजकूर वाचताना त्यांचं अडखळणं थांबलं. काहीही द्या, सरळ वाचून जायच्या आणि म्हणायच्या, “छान आहे.” पहिल्यांदा असं झालं त्या दिवशी मास्तरांचा चेहरा मी पाहिला.

एका सोमवारी डबा आलाच नाही. मास्तर घरी गेले, तर दार सताड उघडं. एक निळी चप्पल आणि एक तपकिरी चप्पल दाराशी, म्हणजे वहिनींच्या पायातही तशाच दोन वेगवेगळ्या. शोधून शोधून दुपारी ते छापखान्यात आले आणि लिहायला बसले. वर ‘हरवली आहे’. खाली वय, साडीचा रंग, पत्ता. तळाशी एक ओळ, ‘नवरा वाट पाहत आहे.’ ती ओळ जुळवताना माझी बोटं थांबली. मथळा जुळवताना थांबली नाहीत. हातांना सवयच झाली होती. तीच लाकडी अक्षरं, तीच काळी चौकट. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या मास्तरांनाही दिसलं नाही.

संध्याकाळी मी स्वतः चौकात वाटायला उभा राहिलो. पहिल्याच माणसानं दोन शब्द वाचले, हसला, म्हणाला, “आता काय विकताय?” आणि घडी करून बाकडं पुसलं. दोन दिवसांनी शिवणकाम करणाऱ्या एक बाई रडतच आल्या. सोमवारी रात्री वहिनी त्यांच्या पायरीवर तासभर बसल्या होत्या. बाईंनी पाणी दिलं होतं. हँडबिल तेव्हाच त्यांच्या मशीनखाली पडलेलं होतं. “मला वाटलं, चष्म्याचंच असेल हो,” म्हणाल्या.

मास्तर त्यांच्यावर रागावले नाहीत. कागद ओढला आणि दुसरं लिहिलं. चौकट नाही, मथळा नाही. ‘ही माझी बायको. एका पायात निळी चप्पल, दुसऱ्यात तपकिरी. नाव विचारलंत तर माझं सांगते. बसवून ठेवा. मी येतो.’ वाचायला वहिनी नव्हत्या. तसंच छापलं.

चौथ्या दिवशी शेजारच्या गावच्या बसस्टँडवरून, हे दुसरं हँडबिल वाचलेल्या चहावाल्याचा निरोप आला. आम्ही धावलो. वहिनी बाकावर बसल्या होत्या, पाय सुजलेले, अंगात ताप, हातात चार घड्या घातलेलं पहिलं हँडबिल. मास्तर शेजारी बसले. वहिनींनी परक्याकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं आणि कागद पुढे केला.

“वाचलंत का हे? आमच्या ह्यांनी लिहिलंय. इतकं खरं वाटतं, त्या बाईसाठी जीव तुटतो.” मग तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. “इथे मात्र मी अडखळते. नवरा वाट पाहत आहे. असलं ते लिहीत नाहीत.”

मास्तर त्या ओळीवर वाकले. “कापायचं का ते?”

वहिनींनी विचार केला. “राहू द्या,” म्हणाल्या. “मग, सापडली का हो ती?”

“सापडली.”

तो ताप त्यांच्या छातीत उतरला आणि पुन्हा निघालाच नाही. पुढे तीन आठवडे त्या होत्या. मी डबा घेऊन जायचो तेव्हा हँडबिल उशाशी असायचं. मला बघितलं की विचारायच्या, “भाऊ, सापडली का हो ती बाई?” मी मास्तरांकडे बघायचो. ते वाटीतल्या भातात मीठ कालवत असायचे. मान वर न करता म्हणायचे, “सापडली गं. नवरा बसलाय तिच्यापाशी.”